हाकेचं अंतर

'निनाद' हे ध्वनियंत्र बसवायला नीलोफर आली तेव्हा शैलजाबाईंनी तिला आधी पाणी दिलं आणि मग पहिला प्रश्न विचारला, "याने आवाज वाढतो की कमी होतो?"

"दोन्ही होतं, काकू," पिशवीतून ताटलीएवढ्या पांढऱ्या चकत्या काढत नीलोफर म्हणाली. "ज्याला पाहिजे त्याला वाढतो, ज्याला नको त्याला कमी होतो."

"मग मला कमीच कर, बाई."

सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला नव्या वस्तीत म्हेत्रे पती-पत्नींचा फ्लॅट होता. यशवंतरावांनी उभी हयात सूतगिरणीत काढली होती. हजारो चात्यांच्या घरघरीत ऐकू येणं हळूहळू झिजत गेलं आणि निवृत्त होईपर्यंत कान निम्मे गेले. त्यांना गाण्याचं वेड. पोवाडे, भारुडं, जुनी सिनेमाची गाणी. सकाळी जी लागायची ती झोपेपर्यंत, आणि तीही अशी की खालचा भाजीवाला बोटांनी ताल धरायचा. शैलजाबाईंचं आयुष्य अंगणवाडीत गेलेलं. रडणारी, पळणारी, ताट बडवणारी पोरं सांभाळून त्या घरी यायच्या तेव्हा कानात दिवसभराचा कलकलाट साठलेला असायचा, आणि दार उघडलं की समोरून पोवाडा अंगावर यायचा. निवृत्तीनंतर पोरं गेली, पोवाडा राहिला. त्यांना आता कशाचाच राग येत नसे. नुसता थकवा येत असे.

त्यांची मुलगी स्वप्नाली पुण्याला होती. आईचा फोनवरचा आवाज ऐकून तिनेच निनाद मागवला होता.

नीलोफरने प्रत्येक खोलीच्या छताला एकेक चकती चिकटवली. तारा नाहीत, खिळे नाहीत. मग म्हणाली, "आता जरा शांत बसा. यंत्र घर ओळखून घेतंय." चकत्यांमधून बारीक शीळ निघाली, चढत चढत गेली आणि ऐकू येईनाशी झाली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणली. नीलोफरच्या हातातल्या पडद्यावर लाल खूण उमटली.

"काकू, ही भांडी जरा आत ठेवता येतील? आवाज फार परततो यांच्यावरून."

"मांडणीवरची भांडी आत ठेवायची? मग ती मांडणी कशाला म्हणायची?"

"घर ओळखायचंय ना त्याला," यशवंतराव गरजले. ते नेहमीच गरजत. "तर भांड्यांसकट ओळखू दे की! भांड्याला भांडं लागल्याशिवाय संसार असतो का कुठे?"

नीलोफर हसली आणि तिने पुन्हा शीळ वाजवली.

या शिळेमागचं विज्ञान अवघड नाही. आवाज म्हणजे हवेची हालचाल. तळ्यात खडा टाकला की पाणी एका जागी उचललं जातं, शेजारी खाली जातं, आणि हा चढउतार पसरत काठाला येतो. हवेतही तसंच घडतं. फक्त वरखाली होण्याऐवजी हवा आळीपाळीने दाट आणि विरळ होत जाते. आता समजा, एका लाटेमुळे कानापाशी हवा दाट होणार, नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या लाटेने ती तेवढीच विरळ करायला घेतली, तर? दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. दोन आवाज मिळून शांतता तयार होते. कानावर घालायच्या हेडफोनमध्ये ही युक्ती फार पूर्वीपासून होती, कारण तिथे कान कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं. मोकळ्या घरात माणूस हिंडतो, वाकतो, मान वळवतो. निनादने हेच कोडं सोडवलं होतं. वटवाघूळ जसं आपल्याला ऐकू न येणारी किंकाळी मारून आणि तिचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात भिंत ओळखतं, तशी ही यंत्रणा घरातल्या प्रत्येक माणसाचा कान सतत शोधत असे. एकेका चकतीत बारीक बारीक शेकडो ध्वनिक्षेपक. त्यांतला कोणता किती आधी वाजवायचा, कोणता किती नंतर, याचा हिशोब ती असा बसवत असे की साऱ्या लाटा त्या कानाशी येऊनच भेटाव्यात. म्हणून एकाच खोलीत एकाला पोवाडा ऐकू येई आणि दुसऱ्याला निव्वळ शांतता.

"पण सगळंच बंद केलं तर पंचाईत होईल," नीलोफरने समजावलं. "म्हणून काही आवाजांना वाट मोकळी असते. दाराची घंटा, काच फुटली, कुणी पडलं, कुणी 'वाचवा' म्हणालं. हाताच्या अंतरावर, तोंडासमोर येऊन बोललेलं. आणि तिसरं म्हणजे नाव. तुमच्या नावाने कुणी कुठूनही हाक मारली तर ती पोचणार. तर आता दोघांनी एकमेकांची नावं घ्या."

खोलीत अवघडलेली शांतता पसरली. तिला निनादची गरज लागली नाही.

"मी?" शैलजाबाई म्हणाल्या.

"हो, काकांचं नाव. हाक मारल्यासारखं."

"इश्श! तसं कसं घेणार?" त्यांनी पदर सावरला, छताकडे पाहिलं, आणि लग्नात घेतात तसं एका दमात म्हणाल्या, "सुताला पीळ, पिळाचा धागा, यशवंतरावांचं नाव घेते, यंत्रा, कान देऊन जागा!"

नीलोफर पोट धरून हसली. यंत्राने मात्र मुकाट्याने नाव टिपून घेतलं. मग यशवंतरावांची पाळी आली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने त्यांनीच हे नाव लिहिलं होतं. माहेरचं गोदावरी पुसून शैलजा केलं होतं. त्यानंतर ते नाव कागदपत्रांपुरतंच राहिलं. त्यांनी घसा साफ केला आणि हजेरी घ्यावी तसं ओरडले, "शैलजा यशवंत म्हेत्रे!"

"हजर," शैलजाबाई पुटपुटल्या.

नीलोफर गेली आणि घर शांत झालं.

पहिले काही दिवस शैलजाबाईंना ती शांतता अंगावर घ्यायला भीती वाटली, जशी नवी शाल घ्यायला वाटते. मग सवय झाली. नीलोफरने गाणी, भजनं, बासरी, हवं ते लावायची सोय दाखवली होती. बाईंनी काहीच लावलं नाही. भाकरी थापावी, तांदूळ निवडावे, खिडकीत बसावं, आणि कानात काही नसावं. खांदे खाली आले. दुपारी झोप लागू लागली. यशवंतरावांचंही बरं चाललं होतं. त्यांचे कान कुठे कमी पडतात ते निनादने तपासून घेतलं होतं आणि तेवढाच भाग तो उचलून देत असे. एकदा जेवताना ते म्हणाले, "डफाच्या मागे झांज असते, ते मी विसरूनच गेलो होतो." त्यांचे डोळे भरून आले होते. शैलजाबाईंनी त्यांच्या ताटात शेंगाचटणी वाढली.

पण हळूहळू काहीतरी बदललं. आधी दिवसभर "अगं, चष्मा कुठाय?", "अगं, चहा टाक", "अगं, ऐकलंस का?" असा धोशा असायचा. तो थांबला. यशवंतराव स्वतःच चहा करून घेऊ लागले. चष्मा स्वतः शोधू लागले. शैलजाबाईंना प्रथम बरं वाटलं. मग खटकू लागलं. भांडण झालेलं नाही, रुसवा नाही, आणि तरीही माणूस आपल्याला काही मागत नाही. त्या स्वयंपाकघरातून "अहो, जेवायला वाढलंय" म्हणायच्या, तर ते यायचे नाहीत. ताट निवायचं. शेवटी त्या समोर जाऊन उभ्या राहायच्या, तेव्हा ते दचकून म्हणायचे, "आलोच की!"

"किती वेळ बोलावतेय."

"असं?" एवढंच म्हणून ते खाली बघत आणि पाट ओढत.

मग तो स्टुलाचा प्रसंग घडला. वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढायला शैलजाबाई स्टुलावर चढल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. फळीला घट्ट धरून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा या." थोड्या वेळाने पुन्हा, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. दार उघडं होतं. समोरच्या खोलीत यशवंतराव त्यांना दिसत होते; डोळे मिटून, बोटांनी मांडीवर ताल धरून मान डोलवत होते. हाक मारली ती भिंतीलाही ऐकू गेली असती. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

अंधारी ओसरल्यावर शैलजाबाई एकेक पाय टेकत उतरल्या. पडल्या नाहीत, म्हणून यंत्रानेही कुणाला काही कळवलं नाही. त्या ओट्याला टेकून बराच वेळ बसल्या. संध्याकाळी त्यांनी स्वप्नालीला फोन केला.

"तू म्हणत होतीस ना, इकडे येऊन राहा म्हणून? येते मी."

"खरंच? किती दिवस?"

"राहतेच आता तिकडे."

"आणि बाबा?"

"त्यांचं त्यांचं चाललंय. माझ्यावाचून काही अडत नाही त्यांचं."

त्यांनी ते यशवंतरावांना जेवताना सांगितलं. यशवंतरावांचा घास थांबला. "तुला बरं वाटेल तसं कर," ते म्हणाले आणि जेवत राहिले. रडायलाही शैलजाबाईंच्या अंगात बळ नव्हतं.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी त्या मोठा पिठाचा डबा घासत होत्या. घासून झाल्यावर त्याच्या चकचकीत पोटात त्यांना मागचं दार वाकडंतिकडं दिसलं, आणि दारात यशवंतराव. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. काही ऐकू आलं नाही. शैलजाबाईंनी हात थांबवला, पण वळल्या नाहीत. डब्याच्या पोटातला माणूस पुन्हा काहीतरी म्हणाला. शब्द छोटा होता. मग तो थोडा वेळ नुसताच उभा राहिला आणि निघून गेला.

 शैलजाबाईंना आधी वाटलं, आपलेही कान गेले. मग त्यांनी नळ सोडला. पाण्याचा आवाज आला नाही. तो येणारच नव्हता, निनादने तो केव्हाच पुसला होता. त्यांनी हात पुसले आणि नीलोफरला फोन लावला.

"काकू, काका तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?" नीलोफरने सगळं ऐकून विचारलं.

"काय म्हणून म्हणजे? अगं म्हणतात."

"आणि तुम्ही त्यांना?"

"अहो."

 नीलोफर हळूच म्हणाली, "अल्ला! काकू, चूक माझी आहे. आमच्याकडे शिकवतात की नाव विचारा. नाव विचारलं. हाक विचारायला पाहिजे होती."

"म्हणजे?"

"बघा, यंत्र दिवसभर आजूबाजूचे आवाज ऐकून शिकतं. जो शब्द सगळीकडून येतो, तो कुणा एकासाठी नाही असं धरतं. वरच्या मजल्यावर कुणी अगं म्हणतं, जिन्यात म्हणतं, मालिकांमध्ये तर दर वाक्याला अगं. अहोचंही तसंच. मग त्याने ठरवलं, हा गोंगाट आहे. तुमच्यासाठी काका जे म्हणत होते ना, तेही त्याने त्यातच टाकलं. आणि तुमचं अहोही."

शैलजाबाई खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या.

"काही अवघड नाही," नीलोफर घाईने म्हणाली. "मी इथूनच बदलते. त्या दोन शब्दांना वाट मोकळी. फक्त मग वरच्यांचं, शेजाऱ्यांचं अगंही ऐकू येईल, आणि काकांचं तर सगळंच. करू का?"

करू का. किती साधा प्रश्न.  चष्मा कुठाय. चहा टाक. ऐकलंस का. शैलजाबाईंना आपले खाली आलेले खांदे आठवले, दुपारची झोप आठवली. माणूस आपल्यावर नाराज नाही एवढं कळलं, पुरे झालं; आता ते तसंच राहू द्यावं आणि उद्या गाडीत बसावं, असंही क्षणभर मनात आलं. त्या विचाराची त्यांना लाज वाटली, पण तो पळाला नाही. तिथेच बसून राहिला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "कळवते तुला."

चारच्या सुमाराला यशवंतराव चहा करून घेऊन आले. दोन कप होते. ते समोर बसले तेव्हा हाताच्या अंतरावर आले आणि त्यांचा आवाज ऐकू यायला लागला, मधूनच रेडिओ लागावा तसा.

"साखर कमीच घातलीय तुझ्यात."

"तुमची हाक माझ्यापर्यंत पोचत नव्हती," शैलजाबाई एकदम म्हणाल्या. "यंत्र अडवत होतं. नीलोफरने आता सांगितलं. तुम्हाला वाटलं असेल, बायको मुद्दाम..."

"मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

यशवंतरावांनी बशीत चहा ओतला. "मागच्या महिन्यात कळलं. तू भाकरी थापत होतीस. मी दारातून अगं म्हटलं. मग ओरडलो. गिरणीच्या खात्यात ओरडायचो ना मशीनवरून, तसा. समोरचा कदम दार उघडून बाहेर आला, 'काय झालं, म्हेत्रेकाका?' म्हणत. तू काही वळली नाहीस."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगणारच होतो. पण तू गुणगुणत होतीस."

"मी?"

"ऐकू नाही आलं. दिसलं. ओठ हलत होते, मान हलत होती. इतक्या वर्षांत तुला गुणगुणताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुला बरं वाटतंय हे तोंडावर दिसत होतं बघ. मी म्हटलं, कशाला आणखी त्रास? चहा काय, माझा मला जमतो."

शैलजाबाईंनी कप खाली ठेवला. "आज दारात उभं राहून काय म्हणत होतात?"

यशवंतराव लाजले. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस कपात बघत लाजला. "अगंच म्हणत होतो. सवय आहे गं. म्हटल्याशिवाय करमत नाही. आणि तुला ऐकू जात नाही म्हटल्यावर कितीही वेळा म्हणता येतं की."



"आणि माझी हाक?" शैलजाबाईंनी विचारलं.

"तू मारलीच नाहीस. मला वाटलं, आता हिला माझी गरज संपली. म्हणून तर पुण्याला जाते म्हणालीस तेव्हा अडवलं नाही."

"रोज मारत होते! जेवायला बोलावत होते. त्या दिवशी स्टुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा गळा फाटेस्तोवर मारली. तुम्ही समोर बसून डोलत होतात!"

यशवंतरावांनी बशी बाजूला सारली. 

"माझं गुणगुणणं ऐकू आलं नाही तुम्हाला," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता दमला होता. "मग माझी हाक तरी कशी ऐकू येणार? एवढं नाही सुचलं?"

"नाही सुचलं," ते म्हणाले. "ऐकू आलं नाही की माझ्या कानांचंच म्हणायचं, अशी सवय लागलीय. गिरणीतून निघाल्यापासून."

त्यात खोटं काही नव्हतं. जे ऐकूच येत नाही, ते ऐकू आलं नाही हे माणसाला कळणार कसं? दिसत नाही ते डोळ्यांना अंधार म्हणून तरी दिसतं. न ऐकलेल्या हाकेची तेवढीही खूण उरत नाही.

"नीलोफर विचारत होती," शैलजाबाई म्हणाल्या, "अगं आणि अहोला वाट मोकळी करू का म्हणून. वरच्यांचंही सगळं येईल मग. आणि तुमचंही."

"नको."

"नको?"

"तुझे कान जरा कुठे निवलेत. राहू दे. काही हवं असलं तर मी उठून येईन. पाय आहेत अजून."

"आणि मला काही झालं तर?"

"तू आधी स्टूल विकून टाक," ते म्हणाले, पण ते हसले नाहीत. उठले. समोरच्या खोलीत गेले आणि आपली लाकडी आरामखुर्ची फरशीवरून ओढत आणू लागले. तिचे पाय घासत असणार, त्या आवाजाने खालचा भाजीवाला वर बघत असणार. ओट्याशी येऊन बसलेल्या शैलजाबाईंना काही ऐकू आलं नाही. वाकलेली पाठ आणि लाल झालेलं तोंड तेवढं दिसलं. त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, ओट्यापासून हाताच्या अंतरावर लावली आणि धापा टाकत तीत बसले.

"इथे बसत जाईन," ते म्हणाले. "मधेमधे येईन तुझ्या. चालेल?"

"उद्या माझी गाडी आहे."

"ठाऊक आहे. तू परत येशील तेव्हाचं म्हणतोय."

 कायमची जाते म्हणून सांगितलं होतं खरं. स्वप्नालीला काय सांगायचं ते शैलजाबाईंना सुचेना, आणि आत्ताच सुचलं पाहिजे असंही वाटेना.

यशवंतरावांनी खुर्ची अजून वीतभर पुढे सरकवली, तेवढ्यात छतावरच्या चकतीतून निनादचा सौम्य आवाज आला. तो दोघांनाही ऐकू आला, म्हणून दोघांनीही वर पाहिलं.

"दोन श्रोते फार जवळ बसले आहेत. दोघांना वेगवेगळं ऐकवणं शक्य नाही. कृपया एकाची निवड करा."

यशवंतरावांचा पोवाडा अर्ध्यावर थांबला असावा. त्यांचं बोट मांडीवर ताल देता देता थबकलं. ते बायकोकडे बघून म्हणाले, "तुझं लाव. तू काय ऐकतेस दिवसभर? भजनं?"

"मी काहीच ऐकत नाही. नुसती शांतता असते."

"मग तीच लाव," यशवंतराव म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "मीही जरा ऐकतो."